आडवी आणि उभी

संगणकाच्या पडद्यावर माणसे नुकतीच आराखडे काढू लागली होती, त्या काळी एका टेबलाच्या आराखड्यात दोन रेघा राहत होत्या. वरच्या फळीची आडवी लांबलचक होती आणि तिच्या टोकाजवळ तिला छेदून उभी वर डोकावत असे.

आडवीला ते सलत असे. एकदा ती पडद्यावरच्या, रेघा छाटणाऱ्या कात्रीला म्हणाली, “कात्रीबाई, हिला माझ्या अंगातून काढा हो!”

“ताई, तुम्ही कुठे थांबायचं, एवढंच मी दाखवते,” उभी म्हणाली.

“मला थांबवणारी तू कोण गं?”

कात्रीने उभीला वरून थेट खालच्या फळीच्या रेघेपर्यंत छाटले. आडवीला मोकळे वाटले.

मग आराखडा काढणाऱ्या वत्सलाबाईंना टेबल फार लांब वाटले. कात्री आडवीपाशी आली आणि घुटमळली.

“दुसरी रेघ छेदते तिथेच मला छाटता येतं. तुम्हाला कुठे छाटू?”

“उभी होती तिथेच!”

“तिथे आता कोणी नाही, बाई. अशी रेघ सबंध पुसावी लागते.”

आडवीने घाबरून खाली पाहिले. उभी टाचा उंचावून वर येऊ पाहत होती. “ताई, थांबा, आलेच मी!” असे ती म्हणत असतानाच वर आडवीच्या जागी पडदा रिकामा झाला.