दिवाणसाहेबांचे जोडे

डोंगरापल्याडच्या एका संस्थानात सखोपंत नावाचे दप्तरदार होते. जुन्या कागदांची राखण हेच त्यांचं काम. एकदा कारकुनांशी बोलता बोलता ते म्हणून गेले, "नवी घरपट्टी काही न्यायाची नाही." नेमके दिवाणसाहेब दारात!

"पंत, राजकारण चपलांसारखं उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचं. इथं कागद सांभाळा, आणि जीभही!"

सखोपंतांचे कान तापले. कारकून बिचारे कागदांत डोकं खुपसून बसले, पंतांचं तोंड बघायला नको म्हणून.

पुढच्याच आठवड्यात दिवाणसाहेब जरीचे जोडे बाहेर काढून आत आले. "घरपट्टीविरुद्ध गावकऱ्यांनी जुन्या कागदांचे दाखले देऊन अर्ज केलाय. ते कागद बघायला इथं कोण कोण आलं होतं? नावं सांगा, एकेकाला कोठडी दाखवतो."

नोकरीच्या भीतीनं पहिलं नाव पंतांच्या ओठांवर आलंसुद्धा. त्याची त्यांना इतकी लाज वाटली की ते उठून बाहेरच गेले. परतले ते साहेबांचे जोडे हातात घेऊन, आणि ते त्यांनी साहेबांच्या पायाशी ठेवले.

"हे काय, पंत?"

"साहेब, बाहेर ठेवायचं ते राजकारण तर आपण आत आणलंत. मग या जोड्यांनीच काय पाप केलंय?"

दिवाणसाहेब जोडे उचलून अनवाणीच निघाले. नावं राहिली ती राहिलीच. कारकुनांनी पुन्हा कागदांत डोकी खुपसली. पंत मात्र हसले नाहीत. साहेबांचे लाल कान त्यांना दिसले होते, आणि कान तसे तापले की कसं वाटतं, ते त्यांना ठाऊक होतं.