चिठ्ठीच्या आधी

मंगळवार, १४ मार्च. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. सकाळी नऊलाच आश्रमाचा दगडी ओटा अनवाणी पायाला चटका देत होता.

“मग आकडा खोटा आहे का, अप्पा?”

मन्मथ कोराळेने हे तिसऱ्यांदा विचारलं.

निजगुण अप्पा आमच्या आश्रमाचे प्रमुख. आश्रमाला लागून डोळ्यांचा धर्मादाय दवाखाना आहे, तो त्यांनीच उभा केला. मन्मथ त्यांचा शिष्य. पुण्यात एका कारखान्यात गुणवत्तेचं काम बघायचा, ते सोडून दीड वर्षापूर्वी इथे आला. दवाखान्याची गुणवत्ता समिती त्याने नेमली आणि समितीला उद्दिष्टंही त्यानेच ठरवून दिली. मी पाणी आणि वीज बघतो. त्या वेळी अप्पांच्या खोलीत शिडीवर होतो, पंखा अडकला होता.

“खोटा नाही,” अप्पा म्हणाले.

“मग तुम्ही गप्प का?”

…

“आधी काय होतं इथे? भिंतीवर लिहिलेलं होतं, रुग्णांची सेवा चांगली व्हावी. चांगली म्हणजे काय, अप्पा? कोण ठरवणार? मी तिथे आकडा घातला. डॉक्टरांपर्यंत पोचायला माणसाला तीन तास लागायचे. मी म्हटलं, चाळीस मिनिटं. समिती हसली. आज छत्तीस मिनिटांवर आलोय.”

अप्पांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, ते कळलं नाही.

“साडेदहाला विश्वस्त येतायत. छत्तीस मिनिटांचा फलक तुमच्या हाताने लावायचाय. आपल्या दुसऱ्या दोन दवाखान्यांना हीच उद्दिष्टं द्यायची म्हणतायत ते. समितीतली माणसं सकाळपासून इस्त्रीचे कपडे घालून बसलीयत. आणि तुमच्या तोंडून साधं ‘बरं झालं’ निघत नाही. चूक असेल तर चूक दाखवा.”

“वेळ कुठून धरता?”

“चिठ्ठी फाडल्यापासून. खिडकीवर चिठ्ठी मिळते, तिच्यावर वेळ छापूनच येते. कुणाच्या मर्जीचा प्रश्न ठेवलेला नाही.”

“आणि चिठ्ठीच्या आधी?”

मन्मथ हसला. शिकवणीच्या मुलाने सोपा प्रश्न विचारावा तसा.

“आधी ते आलेलेच नसतात, अप्पा. आपल्या हिशेबी.”

…

अप्पा उठले. खुंटीवरचा पंचा खांद्यावर टाकला आणि चपला शोधायला लागले.

“कुठे निघालात?”

अप्पांनी चपला पायात सरकवल्या.

आश्रमातून दवाखान्यात जायला मधल्या भिंतीत दार आहे. आम्ही सगळे तिथूनच जातो-येतो. मन्मथही, डॉक्टरही, आणि गुडघे धरल्यापासून अप्पाही. आज अप्पा त्या दाराकडे वळले नाहीत. मोठ्या दरवाजातून सरळ रस्त्यावर गेले.

“बघितलंत, काका?” मन्मथचा आवाज चढला होता. “चार महिने माणसं राबवली. आणि हे असं. प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, उठून चालायला लागायचं. याला काय म्हणायचं?”

“पंखा चालू करून बघ,” मी म्हटलं.

पंखा फिरला. मी शिडी भिंतीला लावली आणि छत्री घेऊन अप्पांच्या मागे निघालो.

दवाखान्याची पुढची भिंत पूर्वेला आहे. सकाळचं ऊन तिच्यावर नीट पडतं. त्या भिंतीला पाठ लावून माणसं बसली होती, गेटापासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत. डोक्यावर पदर, पंचे, एकाने खताची रिकामी पिशवी घेतलेली. कुणी पाण्याला गेलं असेल तिथे जागा धरायला चप्पल किंवा दगड ठेवलेला.

अप्पा थांबले.

“शरणार्थ, अप्पा.” गेटवरचा उत्रेश्वर धावत आला. “उन्हात कशाला आलाव?”

“हे कोण आहेत?”

“पेशंट.”

“आत का नाहीत?”

“आत धा झाले की गेट लावायचं. धा सरले की पुन्हा धा सोडायचे. समितीनं सांगितलंय.”

“का?”

“खिडकीम्होरं गर्दी दिसू नये म्हनून. एकदा चिठ्ठी फाटली की घड्याळ चालू हुतंय ना आत.”

“कधीपासून हे?”

“थंडीपासनं.”

“आणि पाऊस आला म्हणजे?”

उत्रेश्वरने विचार केला. “पाऊस अजून आला न्हाई, अप्पा.”

लाल पटक्याचा एक म्हातारा भिंतीपाशी बसून ऐकत होता. “देवळातल्या रांगेला तरी सावली असतीया,” तो म्हणाला.

“देव कुठं मिनिटं मोजतोय,” शेजारचा म्हणाला. आसपास थोडं हसू पसरलं.

अप्पा हसले नाहीत. ते भिंतीच्या मधोमध बघत होते. तिथे एक बाई जावेच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. उजवा डोळा मुठीने दाबलेला. बाजूला ओकारीवर माती लोटलेली दिसत होती. ही सोजरबाई. नाव मला नंतर कळलं.

“काय होतंय हिला?”

“रातीपसनं डोस्कं फुटाय लागलंय,” जाऊ म्हणाली. “दिव्याभवती रंगाची कडी दिसत्यात म्हनली. मग दिसायचंच कमी झालं. पयल्या गाडीनं घिऊन आले.”

“गेटवर सांगितलं नाही?”

“सांगितलं की. म्हनले, हितं समद्यांचंच डोळं दुखत्यात.”

उत्रेश्वर खाली बघायला लागला.

अप्पांनी पंचा माझ्याकडे दिला आणि सोजरबाईला एका बाजूने धरलं. सत्तरी ओलांडलेला माणूस. दुसरी बाजू मी धरली. जावेने गाठोडं तिथेच सोडलं, जागा राहावी म्हणून.

गेट उघडलं. खिडकीवरचा कारकून उठून उभा राहिला.

“अप्पा, चिठ्ठी…”

अप्पा थांबले नाहीत. कारकुनाने घाईघाईने चिठ्ठी फाडली आणि जावेच्या हातात कोंबली. चिठ्ठीवर वेळ होती नऊ एक्कावन्न.

डॉक्टर फरीदा काझी खोलीत एकट्याच होत्या. समोर चहाचा कप. बाईकडे एकदा बघितलं आणि कप बाजूला सरकवला. डोळ्यात थेंब टाकले, सिस्टरला हाक मारून इंजेक्शन मागवलं. हात चालू असतानाच विचारलं, “कधी आलात?”

“पयल्या गाडीनं,” जाऊ म्हणाली.

“पहिली गाडी किती वाजता येते?”

“सातला,” मी म्हटलं.

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी काहीतरी लपवलं असावं अशा नजरेने.

“तेव्हापासून कुठे होत्या?”

“बाहीर. भित्तीला.”

डॉक्टरांनी सिरिंज भरली. इंजेक्शन दिलं. बाईच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग अप्पांकडे न बघता बोलायला लागल्या.

“मी साडेसातपासून या खुर्चीत आहे. सकाळपासून दोनदा माझ्याकडे पेशंट नव्हता, अप्पा. दोनदा. मी चहा प्यायले. पेपर वाचला. मला वाटलं, आज गर्दी कमी आहे.”

“डोळा?”

“काचबिंदूचा झटका आहे. आत दाब चढतो आणि तासातासाला नस मरत जाते. रात्रीत किती मेली आणि भिंतीपाशी किती मेली, ते मला सांगता येणार नाही.” त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये टाकली. “ते कुणालाच सांगता येणार नाही. ते कुठल्या कागदावर येणार नाही.”

…

“दुसरा?”

“दुसऱ्यालाही होऊ शकतं. तो वाचवायला वेळ आहे. आज दुपारीच लेसर करते.”

अप्पांनी सोजरबाईच्या पायांना हात लावला. ती डोळे मिटून पडली होती, तिला ते समजलं नसावं. मग ते बाहेर आले. खिडकीवरून, गेटातून, परत भिंतीपाशी. सोजरबाईचं गाठोडं होतं तिथे आले, गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि भिंतीला पाठ लावून बसले.

मी छत्री उघडली.

“तिला दे,” अप्पा म्हणाले. पलीकडे एक पोर पदराखाली घेऊन बसलेली बाई होती. मी छत्री तिला दिली.

“आता मन्मथला बोलाव. रस्त्याने आण.”

मन्मथ अप्पांच्या खोलीत फलकावरची धूळ पुसत होता. बोलावलंय म्हटल्यावर त्याने तोंड वाकडं केलं.

“रागावलेत का? खरं तर रागवायचं मी.”

त्याने फलक भिंतीला टेकवून ठेवला. तो मधल्या दाराकडे वळला. मी म्हटलं, रस्त्याने यायला सांगितलंय.

“आता हे काय नवीन?”

पण आला. चालता चालता मोबाईल काढला. आतल्या चिठ्ठ्यांच्या वेळा त्याला त्यावर दिसतात.

“हे बघा, काका. नऊ एक्कावन्नची चिठ्ठी आहे. दोन मिनिटांत डॉक्टरांपुढे. दोन मिनिटं. एवढा कमी वेळ आजवर लागलेला नाही. असा दवाखाना दुसरा दाखवा मला. आणि अप्पांना विचारा, त्यांना याचं कौतुक आहे का ते.”

ती बाई कोण, ते मी सांगितलं नाही.

वळण आलं. भिंत दिसली. मन्मथचं बोलणं अर्ध्यावर राहिलं.

“साहेब, बसा खाली,” लाल पटक्याचा म्हातारा म्हणाला. “नंबर आमच्या मागं हाय तुमचा.”

आता मोठ्याने हसले लोक. मन्मथचा चेहरा लाल झाला. तो उत्रेश्वरकडे गेला.

“इतके लोक बाहेर कसे?”

“तुमीच सांगितलाव.”

“मी गर्दी कमी करा म्हटलं होतं.”

“आत कमी हाय की.”

“मी आत म्हटलं नव्हतं. मी…”

त्याने गेटाच्या आत बघितलं, मग भिंतीकडे.

तेवढ्यात जाऊ गाठोडं न्यायला बाहेर आली. अप्पांनी ते तिच्या हातात दिलं. तिच्या दुसऱ्या मुठीत चिठ्ठी होती, घामाने ओली झालेली. मन्मथची नजर त्या छापील वेळेवर गेली.

“ही चिठ्ठी तुमची?”

“माज्या जावंची.”

“तुम्ही कधी आलात?”

“पयल्या गाडीनं. सातला.” तिने त्याला नीट बघून घेतलं. “तुमी डाक्टर का?”

“नाही.”

“मग कोन?”

मन्मथने मोबाईल खिशात ठेवला.

“उजव्या डोळ्यानं उजेड बी दिसंना म्हनती ती,” जाऊ म्हणाली. “बॅटरी लावून बघितली डाक्टरीनबाईनं. न्हाई म्हनती.” आणि गाठोडं छातीशी धरून आत गेली.

…

मन्मथ वळला. सगळ्यांकडे बघून बोलला, पण कुणाशी ते कळत नव्हतं.

“मला कुणी सांगितलं का नाही? चार महिने. रोज बैठक होते. समितीत नऊ माणसं आहेत. एकाला तोंड नव्हतं?”

ज्यांना विचारायचं होतं ती माणसं आत इस्त्रीचे कपडे घालून बसली होती.

“समद्यास्नी ठावं हुतं, साहेब,” उत्रेश्वर हळूच म्हणाला. “फलक लागायचा हुता.”

रस्त्यावर विश्वस्तांची गाडी आली. हार घेतलेला ड्रायव्हर आधी उतरला आणि भिंतीकडे बघत उभा राहिला.

मन्मथ अप्पांसमोर गेला. उभं राहून बोलणं जमेना म्हणून उकिडवा बसला. अप्पांच्या कपाळावरची विभूती घामाने ओघळली होती.

“उठा, अप्पा. ऊन लागेल. पाहुणे आलेत.”

“चिठ्ठी नाही माझ्याकडे.”

“तुम्हाला चिठ्ठी कशाला?” त्याचा आवाज फाटला. “किती वेळ बसलाय तुम्ही इथे? कधी आलात?”

अप्पांनी त्याच्याकडे बघितलं.

“मी अजून आलेलो नाही.”

…

गेट दहा वाजून चोवीस मिनिटांनी सगळ्यांसाठी उघडलं. फलक लावला नाही.

रविवार, ३० एप्रिल. ऊन, संध्याकाळी धुळीचा वारा. चिठ्ठी आता एसटीच्या थांब्यावर मिळते, गाडीतून उतरताना. ते मन्मथने केलं, वेळ तिथून धरली जाते. या महिन्याचा आकडा दोन तास बावन्न मिनिटं. पुढचं उद्दिष्ट दोन तास. सोजरबाईचा डावा डोळा वाचला. उजवा गेला.