तराजूतला तिसरा

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात त्रिंबकशेट नावाचा गुळाचा व्यापारी राहत होता. दर वाढदिवसाला तो आपल्या लेकीची, सगुणाची, देवीसमोर गूळतुला करी आणि तो गूळ गावात वाटी. सगुणा सहा वर्षांची झाल्यापासून तिचं पारडं फार झपाट्याने जड होऊ लागलं. लोक दरवर्षी मोठं भांडं घेऊन येत आणि हसत.

चौदाव्या वर्षी देवीच्या पायऱ्या चढताना तिला धाप लागू लागली. मानेवर काळी घडी पडली. घरातली आत्या ती मळ समजून अंग घासायच्या वजरीने घासत बसे. सगुणा सांगे, जेवून उठले तरी पाठीमागून कुणीतरी "आण" म्हणतं. वडीलधारी एकमेकांकडे बघून हसत. ही हाव आहे, असं ठरवून शेटने कोठीला कुलूप लावलं.

आवाज थांबला नाही. तेव्हा सगुणा एकटीच गोदाक्का वैदिणीकडे गेली. गोदाक्काने मान पाहिली आणि पाठीला कान लावला. मग म्हणाली, "हा मळ नाही आणि ही हाव नाही. हा आजार आहे."

तिने रोज घ्यायचा कडू अर्क दिला. घरातल्या सगळ्यांनीच साधं, बेताचं जेवावं, पोरीने रोज डोंगराच्या वाटेने चालावं, वेळेवर झोपावं आणि दर महिन्याला दाखवून जावं, असंही सांगितलं. हळूहळू आवाज लांब गेला. सहा महिन्यांत सगुणा न थांबता देवळात पोहोचली.

शेट खूश झाला आणि त्याने अर्काची बाटली मोरीत ओतली. आता औषध कशाला, मनाचा निश्चय पुरे, असं त्याचं म्हणणं पडलं.

तिसऱ्या दिवशी आवाज परत आला.

पुढच्या गूळतुलेला पारडं पुन्हा खाली बसलं. "बघा हिचा निश्चय," शेट लोकांना म्हणाला.

सगुणा शांतपणे म्हणाली, "आबा, एकदा माझ्या पाठीला कान लावा."

लोकांना हसवायला म्हणून तो वाकला. आतला आवाज त्याच्या लेकीचा नव्हता. म्हातारा, कोरडा, अजिबात घाई नसलेला. "आण." शेट मागे सरला. आवाजही त्याच्याबरोबर सरला.

 सगळे आपल्याकडे का बघतात, हे शेटला कळेना. मग त्याने खाली पाहिलं. त्याचा हात मनगटापर्यंत ढेपेत रुतला होता आणि तोंड गुळाने भरलं होतं.

"कधीपासून ऐकतेस हे?" त्याने कसंबसं विचारलं.

"सहा वर्षांची होते तेव्हापासून. तुम्ही कुलूप लावलंत ना, तेव्हा ते माझ्याजवळच बसून राहायचं."

शेट अनवाणी गोदाक्काच्या दारात गेला. ती म्हणाली, "शेट, आता तुम्हाला कुलूप लावू का?" त्याने मान खाली घातली आणि लेकीचा अर्क मागितला.

त्यानंतर कधी तुला झाली नाही. तराजू वखारीत टांगलेला आहे. वारा नसतानाही कधीकधी त्याचं एक पारडं सावकाश खाली येतं. सगुणा तिकडे एकदा बघते, अर्क पिते, चपला घालते आणि डोंगराच्या वाटेला लागते.

तात्पर्य: दुसऱ्याचा आजार आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून त्याला हाव म्हणू नये. त्याला पथ्य लागतं, चालणं लागतं आणि गरज असेल तर औषधही लागतं. लाजवून कुणी बरं होत नाही.