गुणवंताची झील

"पण उस्ताद, माझा आवाज वेगळा ऐकू यायला नको का?"

गुणवंतानं हे विचारलं तेव्हा बिरू उस्ताद शेकोटीवर डफ तापवत बसले होते.

गुणवंता दोन वर्षं झीलकरी होता. शाहिरामागं उभं राहून इतरांबरोबर 'जी रं जी' ओढायचं, एवढंच काम. आवाज खणखणीत, आणि तोरा त्याहून खणखणीत.

"झील म्हंजे..." उस्ताद म्हणाले, आणि पुन्हा डफच तापवत बसले.

दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठीची जत्रा. खालच्या आळीचा नळ दोन महिने कोरडा होता आणि ते पाणी सरपंचाच्या उसात खेळत होतं. फौजदारानं आधीच बजावलं होतं, देवाचं गा, पाण्याचं नको. उस्तादांच्या फडानं दोन्ही गायलं. उस्तादांनी पुढं कुणालाच उभं केलं नाही. स्वतःसकट दहाही जण एका ओळीत.

"खंडोबा न्हाला भंडाऱ्यानं,
अन् ऊस न्हाला आमच्या पाण्यानं, जी रं जी!"

नऊ सूर एकमेकांत असे मिसळले होते की कुठला कुणाचा ते कळेना. दहावा तेवढा सगळ्यांच्या वर हातभर चढलेला. फौजदाराला तोच सापडला. गुणवंताला एकट्यालाच उचललं.

उस्ताद उरलेल्यांना घेऊन चौकीसमोर आले. मागोमाग जत्राही आली. पुन्हा तेच कडवं सुरू झालं.

कोठडीत गुणवंता पार रडकुंडीला आला होता. बाहेरचा सूर कानी आला तसा त्यानंही धरला. पण या खेपेला हळू, त्यांच्या सुराला टेकून. एकटं वाटायचं थांबलं.

फौजदारानं हवालदाराला विचारलं, कोण गातंय? हवालदार टेबलावर ठेका धरून स्वतःच 'जी रं जी' म्हणत होता. धरायचं तर आख्खं गाव, आणि कोठडी एकच. फौजदारानं कपाळाला हात लावला, गुणवंताला सोडलं आणि सरपंचाला निरोप धाडला, बाबा, आधी तो नळ सोड.

सगळे परतले तेव्हा खालच्या आळीत बायका हंडे घेऊन जमल्या होत्या. नळाला चांगली धार होती.

उस्तादांनी ओंजळ धरली. गुणवंता शेजारी घुटमळत होता.

"उस्ताद... आतनं मीबी गात होतो. ऐकू आलो का?"

उस्ताद पोटभर पाणी प्याले. ओल्या हातानंच त्याच्या पाठीवर थाप मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"न्हाई," ते म्हणाले. "लई ब्येस गायलास."