शेटे अण्णांचा ॲम्प्लिफायर

हळदीची मोठी पेठ असलेल्या एका गावात विरुपाक्ष शेटे नावाचे एक अडते राहत होते. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची. अण्णांचा कान फार तयार होता. हळकुंड कानाजवळ धरायचं, मोडायचं आणि त्या आवाजावरून माल किती वाळला ते सांगायचं, ही त्यांची रीत. कडक वाळलेली हळद मोडताना खणकन वाजते, ओलसर हळद नुसती दबते. अण्णा ‘वाळली’ म्हणाले की सौदा झाला, ‘ओली’ म्हणाले की भाव पडला. अण्णांचा कान म्हणजे पेठेचा काटा, असं लोक म्हणायचे, आणि अण्णांना ते ऐकायला फार आवडायचं.

असल्या कानाला घरीही तोलामोलाचं काही हवं, म्हणून अण्णांनी एके वर्षी परदेशी ॲम्प्लिफायर आणला. त्या पैशात नवा टेम्पो आला असता. दोन माणसांनी उचलावी अशी ती काळी पेटी होती. गाण्याला ताकद देणारी सगळी यंत्रं त्या एकाच पेटीत, आणि पुढे आवाजाचं एक मोठं गोल बटण. सुरू केल्यावर पेटी तापायला अर्धा तास लागे. अण्णा मधूनमधून झाकणावर तळहात ठेवून बघत. नुकत्याच उतरवलेल्या भाकरीइतकं ऊन लागलं की म्हणत, “आता झाली तयार.”

त्यांच्या बायकोचं नाव महादेवी. ती एकदा म्हणाली, “मला ताप आला होता तेव्हासुद्धा माझ्या कपाळाला इतक्या वेळा हात लावला नव्हता तुम्ही.”

अण्णा हसले. पण हात झाकणावरच होता.

त्यांच्याकडे भजनाची एक जुनी रेकॉर्ड होती. भजन संपतं, सगळे थांबतात, आणि शेवटी एकच टाळ वाजतो. त्याची किणकिण विरेपर्यंत अण्णा मनात आकडे मोजत. जुन्या यंत्रावर ती चारपर्यंत टिकायची. या पेटीवर, बटण घड्याळातल्या नऊच्या जागी ठेवलं की, अकरापर्यंत टिकली. त्या दिवशी अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दर रविवारी सकाळी हा नेमच झाला. दहा वर्षं गेली, बटण नऊवर आणि आकडा अकरावर.

या दहा वर्षांत पेटीला हात लावायची परवानगी अण्णांखेरीज एकालाच होती. तो म्हणजे केरबा मिस्त्री. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. हळदीच्या गावात हवासुद्धा पिवळी. दिवाळीच्या आधी केरबा यायचा, झाकण काढायचा आणि मऊ ब्रशानं आतली पिवळी धूळ झाडायचा. मग दोघं शेजारी बसून तो टाळ ऐकायचे आणि एकाच दमात म्हणायचे, “अकरा.” महादेवी चहा आणायची. केरबाची दिवाळी त्या घोटानं सुरू व्हायची.

अकराव्या वर्षी एका रविवारी आकडा नवावरच थांबला. अण्णांना वाटलं, मोजण्यात चूक झाली. पुढच्या रविवारी आठ. त्यांनी बटण नऊवरून दहावर नेलं, तेव्हा पुन्हा अकरा आले. काही महिन्यांनी दहाही पुरेना.

“पेटीचा दम गेला,” अण्णा म्हणाले.

ज्या दुकानातून पेटी आणली होती, तिथल्या शेठला त्यांनी फोन केला. शेठ गोड बोलायचा. “तुमच्यासारखा कान लाखात एक, अण्णा. दुसऱ्या कुणाला हा फरक कळलासुद्धा नसता,” असं म्हणून त्यानं नव्या वायरी दिल्या. नंतर पेटीखाली ठेवायचा दगडी पाट दिला. प्रत्येक वेळी महिनाभर बरं वाटे, कारण एवढा खर्च केल्यावर बरं वाटावंच लागतं. मग आकडा पुन्हा खाली यायचा.

याच सुमाराला महादेवीला अण्णांच्या उशीवर सकाळी ओला डाग दिसायला लागला.

“अहो, कान वाहतोय तुमचा. डॉक्टरांना दाखवून या.”

“तेल घाल चार थेंब,” अण्णा म्हणाले. “आणि बोलू नकोस कुणाजवळ. मला कानाच्या दवाखान्याच्या पायरीवर कुणी बघितलं, तर उद्या पेठेत माझ्या शब्दाला कोण विचारेल?”

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे अण्णांना ठाऊक होतं. मुठीत काय आहे ते मात्र त्यांनी उघडून बघितलं नाही.

त्या दिवाळीआधी केरबा आला. नेमके पेठेतले दोन व्यापारीही अण्णांकडे बसले होते. अण्णांनी तक्रार सांगितली. केरबानं झाकण काढलं, धूळ झाडली, मीटर लावून एकेक जागा तपासली. सगळं जिथल्या तिथं होतं. शेवटी बटण नऊवर ठेवून त्यानं ती रेकॉर्ड लावली. टाळ वाजला.

“सहा,” अण्णा म्हणाले. “बघ. सहाला संपला.”

केरबा मान खाली घालून अजून ऐकत होता. ते दोन व्यापारीही ऐकत होते. बऱ्याच वेळानं केरबानं डोळे उघडले.

“अकरा,” तो हळूच म्हणाला. “अण्णा, मशीन ठणठणीत आहे. लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण एकदा तेवढा कान दाखवून या.”

एका व्यापाऱ्यानं दुसऱ्याकडे बघितलं. अण्णांनी ते बघणं बघितलं. त्या क्षणी त्यांना उशीवरचा डाग आठवला. महादेवी हल्ली पुटपुटते असं आपल्याला का वाटतं, तेही कळून चुकलं. खरं काय ते अण्णांना त्या वेळी समजलं होतं, हे इथे सांगून ठेवलं पाहिजे. नाहीतर वाचणारा त्यांची कीव करून मोकळा होईल.

“कानाचं मला सांगू नकोस,” अण्णा गरजले. “आतला मूळचा पार्ट काढून तू दुसरा बसवलास, केरबा. विकून खाल्लास तो. आवाज पडला तो त्यामुळे.”

“मी?” केरबा म्हणाला. “अण्णा, इतकी वर्षं या घरचा चहा पितोय. असं बोलू नका.”

“ऊठ. पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस.”

केरबानं झाकण बसवलं. चारी स्क्रू नीट आवळले, वरून फडकं मारलं आणि पिशवी उचलून निघून गेला. महादेवी आतून चहा घेऊन आली, तेव्हा केरबाचा कप धरायला कुणी नव्हतं.

अण्णांचा शब्द म्हणजे पेठेत काळ्या दगडावरची रेघ. पंधरा दिवसांत गावभर झालं, की केरबा पार्ट बदलतो. लोकांनी दुरुस्तीला दिलेले टीव्ही परत नेले. नवं कुणी येईना. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. सहा महिन्यांनी केरबानं दुकानाला कुलूप लावलं आणि नदीपलीकडच्या आपल्या वाडीत जाऊन तो विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करू लागला.

अण्णांनी जुनी पेटी गोदामात रिकाम्या पोत्यांमागे टाकली आणि त्या गोड बोलणाऱ्या शेठकडून दुप्पट मोठी आणली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. अण्णांनी तर अंगणही नवं घातलं. नव्या पेटीवर टाळ पाचला संपला. पुढच्या वर्षी तीनला.

तिकडे पेठेत अण्णांच्या कानाशी हळद रोज मोडतच होती. खणक ऐकू आली नाही की अण्णा ‘ओली’ म्हणायचे, आणि खणक आता क्वचितच ऐकू यायची. किती जणांचा उन्हात राबून वाळवलेला माल असा ओला ठरला, देव जाणे. लोक चरफडत, पण काट्याशी कोण भांडणार?

शेवटी सोनाबाई मगदूम भांडली. एकटी बाई, दोन एकरांत हळद लावणारी. तिचं हळकुंड अण्णांनी कानाशी मोडलं आणि भर सौद्यात म्हणाले, “ओली.”

सोनाबाईनं त्यांच्या हातातले दोन्ही तुकडे घेतले आणि चार व्यापाऱ्यांपुढे धरले. आत गर्द केशरी, कोरडे ठाक. मग तिनं दुसरं हळकुंड घेतलं आणि सगळ्यांच्या मधे उभं राहून मोडलं. मग तिसरं.

“अण्णा,” ती म्हणाली, “समद्या पेठेनं ऐकलं. तुमालाच तेवढं न्हाई आलं व्हय?”

ती काय म्हणाली तेही अण्णांना नीट ऐकू आलं नाही. पण पेठेतल्या माणसांचे चेहरे त्यांना दिसले. ते पुरेसं होतं.

त्यानंतर ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि बोलून उपयोग नाही हे बघून कागदावर लिहिलं: ‘कानामागचं हाड सडलं आहे, दोन्हीकडचं. तीन वर्षांपूर्वी आला असता तर कान वाचले असते. आता जीव वाचवू.’ अण्णांनी तो कागद दोनदा वाचला. तीन वर्षांपूर्वी केरबा त्यांच्या खोलीत मान खाली घालून बसला होता.

जीव वाचला. एक कान पार गेला. दुसऱ्यात बंद दाराआडून यावी तशी नुसती घुमघुम उरली. कानाला यंत्र लावलं की तीच घुमघुम मोठी व्हायची, शब्द कळायचे नाहीत. महादेवी पाटीवर लिहून बोलू लागली. एक दिवस तिनं लिहिलं, ‘केरबाकडे जाऊन या.’

अण्णा रविवारी सकाळी गाडीनं वाडीत पोचले. पाटी आणि पेन्सिल पिशवीत होती. केरबाच्या घरात दहा-बारा माणसं सतरंजीवर बसली होती आणि समोर बाकावर ती जुनी काळी पेटी होती. तिच्या शेजारी ती रेकॉर्ड फिरत होती. अण्णांचे कान गेल्यावर महादेवीनं दोन्ही गुपचूप टेम्पोतून इकडे धाडल्या होत्या. नवऱ्याचं पाप तिला तेवढंच फेडता आलं होतं.

अण्णा दाराशी उभे राहिले. त्यांना स्पीकरमधून काहीच ऐकू येत नव्हतं. अचानक माणसांची डोलणारी डोकी थांबली. भजन संपलं होतं. एका म्हातारीनं नातीच्या तोंडावर हात ठेवला. केरबाचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. अण्णा त्या ओठांकडे बघत राहिले. कितीतरी वेळानं ओठांनी ‘अकरा’ म्हटलं आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

अण्णा पुढे गेले. त्यांनी झाकणावर तळहात ठेवला. झाकण ऊन होतं. बारा-तेरा वर्षांच्या सोबतीतलं तेवढंच त्यांच्या वाट्याला उरलं होतं.

“केरबा,” ते म्हणाले. आपला आवाज केवढा येतोय, हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. “तू पार्ट काढला नव्हतास. मला तेव्हाही माहीत होतं. मी खोटं बोललो. मला माफ कर.”

केरबा उठून समोर आला. त्यांच्या तोंडाकडे बघत तो बोलू लागला. खूप वेळ बोलला. त्याचा चेहरा रागाचा होता की दुःखाचा, ते अण्णांना उमगेना.

“पुन्हा सांग,” अण्णा म्हणाले.

केरबानं पुन्हा सांगितलं. ओठ हलले आणि थांबले.

पिशवीतली पाटी काढून पुढे धरली असती, तर त्यानं लिहूनही दिलं असतं. पण तो काय लिहील, याची अण्णांना भीती वाटली. सगळं समजल्यासारखी त्यांनी मान हलवली, हात जोडले आणि ते गाडीकडे चालू लागले. कोरी पाटी पिशवीत तशीच होती. केरबानं माफ केलं की नाही, ते त्यांना मरेपर्यंत कळलं नाही.

तात्पर्य: आपलं उणं झाकण्यासाठी जो खरं बोलणाऱ्याला खोटं पाडतो, त्याचं उणं तर वाढतंच, पण पुढे खरं ऐकण्याचं धैर्यही त्याच्यात उरत नाही.