शिळं रान

त्या रानात शिळ्या घरट्यात कुणी झोपत नसे. लाल केसांचे ओरांगउटान रोज संध्याकाळी नव्या झाडावर चढत, फांद्या वाकवत, वर पालवी अंथरत, आणि सकाळी निघताना मागे वळून पाहत नसत. मागे पाहणं हावरटपणाचं समजलं जाई. कुठल्या दिशेला निघायचं ते थोरला हाक देऊन सांगे.

उगवतीकडून करवतींचा आवाज येऊ लागला, तेव्हा थोरल्याने मावळतीची हाक दिली. सगळे निघाले. शेंदरी नावाच्या तरुण आईने मात्र पोर पोटाशी धरून मागे पाहिलं. काल ती जिथे झोपली होती, तिथे झाड नव्हतं.

"आजोबा, रान तोडतायत."

"तोडू देत. शिळं रान ते," थोरला म्हणाला. "आपण तसेही निघालोच होतो."

"हिला शिळ्याची चव लागलीय गं बाई!" एक म्हातारी फिसकारली. फांद्याफांद्यांवर हशा पिकला.

"मावशी, तुझा जन्म गेला झाडावर. माझ्या पोराला अजून एक फांदी वाकवता येत नाही. ते कुठे शिकणार? सगळ्यांनी मिळून ओरडलो तर..."

"ओरडायचं काम थोरल्याचं," म्हातारी म्हणाली. थोरला फळ सोलत राहिला.

मग नदीकाठ शिळा झाला. थोरला ज्या उंबरावर जन्मला, तो उंबरही शिळा झाला. त्या दिवशी त्याची हाक जरा बसकी निघाली, एवढंच.

एका सकाळी त्याने हाक दिली आणि कुणी हललं नाही. पुढे ताडासारखी झाडं एका रेषेत उभी होती. त्यांना फांद्या नव्हत्या. मागे नुसते बुंधे होते.

सगळे जमिनीवर उतरले. संध्याकाळ झाली. शेंदरीने पोर उचलून थोरल्यासमोर ठेवलं.

"फांदी वाकवायला शिकवा याला. तुम्हाला येतं."

थोरल्याने चहूकडे पाहिलं. मग मान खाली घालून दोन्ही हात पुढे केले.

पोर मांडीवर चढलं. त्याने थोरल्याचा एक हात कोपरात वाकवून खाली दाबला, दुसरा त्यावर आडवा ओढला. पाय देऊन पाहिला. कच्चा वाटला, म्हणून आणखी जोरात पिळला. मग त्यात अंग मुडपून झोपी गेलं.

सगळे थोरल्याकडे बघत होते. त्याला तोंड झाकायचं होतं, पण एकही हात मोकळा नव्हता.