पाटाचा चढ

लेकीला शिकवून नेमकं काय साधणार, या काळजीनं मला झोप लागली नाही. म्हणून सकाळी वेणी घालताना तिला ही गोष्ट सांगितली.

फार मागे एका रानात पाटाचं पाणी मोरांकडे पोचायचं, उंदरांच्या वस्तीत नाही. "तुमची पूजाच चुकते," मोर म्हणायचे. उंदीर दरवर्षी पूजा वाढवायचे. मग एका उंदराची लेक खेकड्यांकडे उतार मोजायला शिकली. तिनं मोजलं, तर वस्तीच्या तोंडाशी पाट मोरांनीच चढा करून ठेवलेला.

मोर म्हणाले, "हुशार आहेस गं. आमचं कारंजं बांधायला ये."

तिची दमलेली आई म्हणाली, "जा बाई, तू तरी सुटशील."

पुढचं मला सुचेना. मीही शिकून मोरांचीच कारंजी बांधलीत.

लेक म्हणाली, "आधी तिनं आईला मोजायला शिकवलं का?"